चार्जिंग मशीनचा हार

एसटी स्टँडजवळचं सरकारी चार्जिंग मशीन उद्घाटनापासूनच बंद होतं. त्याच्याच भरवशावर सुगंधा खंडागळेनं विजेवरची रिक्षा घेतली होती. ती रिक्षा आता दारातच उभी असायची.

पाहणीला आलेले मोठे साहेब तिची तक्रार ऐकून वैतागले. "बाई, ॲप बघा. इथं रोज वीस गाड्या चार्ज होतात."

सुगंधा म्हणाली, "साहेब, उद्घाटनाला तुम्हीच प्लगभोवती हा हार गुंडाळला होता. आता इतका वाळलाय की हात लावला तरी चुरा होईल. रोज वीस जण प्लग काढतात, मग हा अजून शाबूत कसा?"

साहेब गाडीत जाऊन बसले.

आठवड्याभरानं त्यांचा माणूस आला. सुगंधा आशेनं धावत गेली. त्यानं वाळका हार काढला, नवा घातला आणि निघून गेला.