आषाढातले पापड

वडगावच्या महिला पापड केंद्रात व्यवस्थापन शिकवायला दिघावकर साहेब आले, ते ऐन आषाढात. सोबत संगणकावरचा खेळ होता. पडद्यावर प्रत्येकीला पापडाची एक कंपनी मिळणार होती. ती वर्षभर चालवायची आणि जिचा माल सर्वांत जास्त खपेल तिला केंद्राची प्रमुख करायचं, असं साहेबांनी जाहीर केलं.

अठरा वर्षं केंद्र सांभाळणाऱ्या वच्छलाताईंनी पडद्यावर आषाढ लागताच कंपनी बंद ठेवली. त्या शेवटच्या आल्या. पहिली आली साहेबांचीच भाची. तिची कंपनी बाराही महिने चालली होती.

"बाजारात मागणी असताना हातावर हात ठेवून बसणं, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत, ताई," साहेब म्हणाले. "केंद्राच्या किल्ल्या द्या."

वच्छलाताईंनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "देते. पण शिबिर आत्ताच का ठेवलंत?"

"पत्रात कळवलं होतं की. या दिवसांत तुमचं काम बंद असतं."

"का हो बंद असतं?"

"ऊन नसतं. पापड वाळत नाहीत," साहेब बोलून गेले.

बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"मग भाचीबाईंचे जिथे वाळले, तिथल्या किल्ल्या त्यांना द्या," असं म्हणून ताईंनी आपल्या किल्ल्या उचलून पुन्हा कमरेला खोचल्या.

तोच प्रश्न परत नको, म्हणून साहेबांनी पुढचं शिबिर चैत्रात ठेवलं. त्याला कुणीच आलं नाही. सगळ्याजणी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.