हरिणीच्या गुडघ्याची वाटी

डोंगरापलीकडे माणसांची वस्ती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मेघी हरिणीच्या गुडघ्याची वाटी दुखू लागली. तिने चिखल थापला, पाला बांधला, दिवसदिवस बसून काढले. तरी उठताना कळ यायचीच. महिन्याभरात कळप पाण्यासाठी घाट उतरणार होता आणि ती मागे राहणार होती.

"माझं चुकतंय तरी काय, आजी?" तिने म्हाताऱ्या हत्तिणीला विचारलं.

"अगं, मांडी बघ. बाहेरचा स्नायू वाटीला आपल्याकडे ओढतोय नि आतला झोपलाय. त्याला जागं कर. पाय ताणून मांडी आवळ, मग सोड. रोज."

मेघी गोंधळली. दुखतो गुडघा आणि मेहनत मांडीची? तरी ती करत राहिली.

कळप निघाला, तेव्हा तीही आजीसोबत हळूहळू घाट उतरली. एकदाही कळ आली नाही. पाणी प्यायचं सोडून ती गुडघ्याकडेच बघत राहिली.

"पण आजी, या वेळी गुडघ्याला तर मी काहीच केलं नाही!"