उलटी उतरलेली धोंडाई

फार फार मागं, आजच्या म्हाताऱ्यांचे आजे रांगत होते तेव्हा, खडकवेढ्याच्या माळावर एक शाळा होती. शाळेला छप्पर होतं, गुरुजी होते, पोरं होती. पाणी तेवढं नव्हतं. गाव नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी प्यायचं, पण माळावरून नदी लांब पडायची. म्हणून शाळेचा रांजण माळाखालच्या जुन्या बारवेतून भरायचा. तो भरायची धोंडाई. अंगानं काटक, एकटी बाई, आणि डोक्यात सदा कसलातरी प्रश्न. तिची लेक मंजुळा त्याच शाळेत बसायची. सगळ्या शाळेत तेवढी एकच मुलगी.

बारवेच्या पाण्यात साती आसरा राहतात, असं म्हणतात. त्यामुळं तिथली एक रीत होती. पायऱ्या उतरून आधी पाय पाण्यात बुडवायचे, देवींना हात जोडायचे, मगच घागर भरायची. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

पुढं शाळेतल्या पोरांना नारू व्हायला लागला. पाय सुजायचा, फोड फुटायचा आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. पोरं बसून सरकत घरी जायची. गुरांमागं हिंडणाऱ्या, नदीचं पाणी पिणाऱ्या पोरांना मात्र काही नाही.

गावातले मोठे दौलतआबा म्हणाले, "शिकलं की अक्षरं पायात उतरतात. दुसरं काय?"

"अक्षरं तर हातानं गिरवतात, आबा," धोंडाई म्हणाली.

"तू शिकलीस का? नाही ना. मग गप बस."

धोंडाई गप बसली, पण डोकं गप बसेना. तिच्याही पायाला नारू झाला होता आणि तिनं तर आयुष्यात एक रेघ ओढली नव्हती. मग तिच्या पायात काय उतरलं? तिनं गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "मलाही कळत नाही, बाई." त्यांचाही एक पाय फडक्यात बांधलेला होता.

मग मंजुळेचा पाय सुजला. आबांनी पारावर सांगून टाकलं, "मुलगी शाळेत बसवली म्हणून आसरा कोपल्या. या जत्रेनंतर शाळेला कडी." मंजुळा रडली ती पायासाठी नाही, कडीसाठी.

दुसऱ्या दिवशी धोंडाई बारवेत उतरली. पायाची आग होत होती, म्हणून तिनं तो नेहमीसारखा पाण्यात सोडला. गार वाटलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत फोडातून दुधासारखं काहीतरी निघालं आणि ढगासारखं पाण्यात पसरलं. तिला वाटलं, आसरा दूध देतायत. ती लंगडत वर गेली, आबांना सांगितलं, आणि आबा हळदकुंकू घेऊन तिच्यासोबत खाली आले. पण हात जोडता जोडता धोंडाईची नजर आपल्या घागरीवर गेली.

"आबा, हे दूध देवीचं का माझ्या पायाचं?"

"दोन्ही एकच समज."

"एक कसं समजू? हेच मी पोरांना पाजते."

आबांनी खाकरून वाट धरली. म्हाताऱ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की खोकला येतो.

काय झालं ते धोंडाईला कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की पाणी हवं, पण जिथं कुणाचा पाय पोचणार नाही असं. तिनं पहार उचलली आणि शाळेच्या अंगणात आड खणायला घेतला. अरुंद, सरळ, बिनपायऱ्यांचा. माळ सगळा कातळाचा. पण तिच्या घावाखाली कातळ शिळ्या भाकरीसारखा तुटत गेला, असं म्हणतात. गुरुजी आणि पोरं बसल्या बसल्या टोपल्या वर ओढायची, कारण उभं राहवत कुणालाच नव्हतं.

एक दिवस तळाचा दगड ओलसर लागला आणि धोंडाई थांबली. आता पाणी येणार, आणि पहिला पाय लागणार तो तिचाच. ती वर आली, काठावर बसली. सगळा गाव जमला. मग तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, दोन्ही घोट्यांना दोर बांधला आणि म्हणाली, "मला उलटी सोडा."

"बाईमाणसाला हे शोभतं का?" आबा म्हणाले.

"मग तुम्ही उतरा, आबा."

आबा आभाळाकडं बघायला लागले.

पोरांनी दोर सोडला. डोकं खाली, पाय आभाळाकडं, अशी धोंडाई लटकली आणि तिनं पहार मारली. पाणी असं उसळलं की ते तिच्या मागोमाग वर चढत आलं. तिला बाहेर ओढलं तेव्हा केस चिंब होते आणि पाय कोरडे. कुणी म्हणतात, ते कातळाचंच पाणी. कुणी म्हणतात, लोकांच्या पायांना विटून आसराच बारव सोडून तिथं आल्या. खरं काय ते धोंडाईलाही सांगता येईना.

शाळेला कडी लागली नाही. वर्ष पालटलं तसा नवा नारू कुणाला झाला नाही. मंजुळा जन्मभर लंगडली, पण त्याच शाळेत शिकली आणि पुढं तिथंच शिकवू लागली. धोंडाई मात्र म्हातारी होईस्तोवर येईल त्याला विचारायची, "ते दूध कुणाचं होतं रे?" उत्तर न मिळताच गेली.

ती गेल्यावर आबांच्या मुलांनी ठरवलं, एवढ्या मोठ्या बाईचं नाव राहावं म्हणून आडात उतरायला घडीव पायऱ्या बांधायच्या. मंजुळा काठावर जाऊन बसली आणि म्हणाली, "नाही." का, ते तिलाही धड सांगता आलं नाही. पण ती उठली नाही.

आता शाळा उघडते त्या दिवशी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस आडापाशी येतो आणि विचारतो, "धोंडाईच्या नावानं पायऱ्या बांधू का?" शाळेतली सगळ्यात लहान मुलगी सांगते, "नाही." म्हाताऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही. मुकाट दोर धरायचा आणि पोरांसाठी पहिला पोहरा वर ओढायचा.