गणपतीची तपासणी

तीनशे वर्षांपूर्वी कोकणात एक हवालदार होता. दशावतारी खेळांवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्यानं खेळ करणाऱ्या नटांच्या मेळ्याला नुसता वैताग आणला. कधी म्हणे मृदंग मोठा वाजतो, कधी म्हणे राक्षसाची जीभ फार लांब. ऐन जत्रेच्या सकाळी त्यानं नवाच हुकूम काढला, "प्रत्येक सोंग आधी माझ्यापुढं उभं राहील. मी बसून तपासीन, मगच खेळ!"

मेळ्याचा नाईक धाकू डोकं धरून बसला. खेळ झाला तरच देवळातून तांदूळ मिळणार, आणि घरात पोरं उपाशी.

त्याची बायको चंद्रभागा म्हणाली, "अहो, कपाळ काय बडवताय? पहिलं सोंग गणपतीचं ना? चला घेऊन."

एकदा गणपतीची सोंड लावली की गावाच्या लेखी नट हा नट राहत नाही, देवच होतो. गणपती चावडीत शिरला तसं सगळं गाव हात जोडून उठलं. सवयीनं हवालदारही उठला.

चंद्रभागा म्हणाली, "सरकार, तुम्ही कशाला उठलात? बसा की. देव उभा राहील, तुम्ही तपासा."

गाव बघत होतं. हवालदाराला बसताही येईना, तपासताही येईना. शेवटी जोडलेल्या हातांनीच तो ओरडला, "बये, घेऊन जा यांना! बाकीची सोंगं आणूसुद्धा नकोस, सगळ्यांना परवानगी!"