राक्षस कोणाचा

"बाबा, हे सोंग जाळायचं की नदीत सोडायचं?"

ढवळूबाबांनी मान वर केली नाही. ते ओटीवर बसून हरणाच्या मुखवट्याला कान चिकटवत होते. कान ओला होता, सारखा लोंबत होता, आणि बाबा त्याची रुसलेल्या पोरासारखी समजूत काढत होते.

"बाबा, मी विचारतोय."

"आयकला मी."

"मग?"

"कोनाचा हाय?"

सुकदेव भोयेनं कोपऱ्यातल्या सोंगाकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला?

जव्हारच्या डोंगरात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे, जनावरांचे मुखवटे चढवून माणसं वाजंत्रीवर नाचतात, आणि त्या मुखवट्यालाच सोंग म्हणतात. ढवळूबाबा थेतल्यांचा उभा जन्म सोंगं करण्यात गेला होता. सुकदेव नाशकाला चित्रकला शिकून आलेला, आणि वर्षभर त्यांच्याकडे हात बसवत होता. हात त्याचा चांगला होता. अडचण एवढीच, की ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्यालाच कळली होती.

"गावाचं आहे," तो म्हणाला. "गावानं मागितलं, मी करून दिलं."

"आन बिघडला कोनाकडून?"

"जानूदादाकडून. सगळ्या गावानं पाहिलंय."

बाबांनी हरणाचा कान पुन्हा दाबला.

"मी काडेपेटी आणलीय," सुकदेव म्हणाला. "तुम्ही हो म्हणा, मी मागच्या अंगणात नेऊन पेटवतो. ब्याद जाईल."

"बघू, दे इकडं."

सुकदेवनं काडेपेटी दिली. बाबांनी कानावरची विडी काढली, पेटीतल्या काडीनं शिलगावली, आणि पेटी आपल्याच बंडीच्या खिशात टाकली.

"बस," ते म्हणाले.

सुकदेव बसला. दुसरं करणार काय? काडेपेटीही गेली होती.

ओटीच्या कोपऱ्यात ते सोंग भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. राक्षसाचं तोंड. काळंजांभळं, गालफडं बसलेली, सुळे हनुवटीखाली उतरलेले. डोळे असे, की कोंबडीसुद्धा त्या कोपऱ्यात दाणे टिपायला जात नव्हती. तालुक्यात असं सोंग कोणी केलं नव्हतं, आणि हे सुकदेवनं स्वतःच चारचौघांत सांगितलं होतं.

परवा दुपारी पटांगणात ते चाचणीला नाचवलं. नाचवणारा जानू टोकरे. हा जानू म्हणजे गावातला सर्वांत गरीब स्वभावाचा माणूस. बैलाला हाक मारतानाही 'चल रे बाबा' म्हणणारा. बारा वर्षं त्यानं मासा नाचवला, कासव नाचवलं, आणि यंदा कुठे त्याच्या वाट्याला राक्षस आला होता.

पहिले चार ठेके बरे गेले. मग राक्षस बिथरला. हात फेकत सुटला, गुरगुरला, बायकांच्या घोळक्यात शिरला, आणि वळला तो संबळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्या केरूवर जाऊन आदळला. केरूचं मनगट सुजलं. संबळाचं चामडं फाटलं. चौघांनी जानूला धरून खाली पाडलं, तेव्हा सोंग निघालं.

लोक म्हणाले, सोंग वंगाळ आहे. कोणी म्हणालं, भगत बोलवा, जानूच्या अंगात काहीतरी शिरलंय.

आणि सुकदेव? सुकदेव सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सोंगात खोट नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

लोक हसले होते. जानू हसला नव्हता.

"असला तोंड तुला सुचला कसा?" बाबांनी धूर सोडत विचारलं.

हा प्रश्न सुकदेवच्या आवडीचा होता. तो सरसावून बसला.

"कॉलेजात असताना एक जुनी भयकादंबरी वाचली होती. परदेशातली. बर्फातला पडका किल्ला, आणि त्याच्या तळघरात कोंडलेला राक्षस. धन्यानंच कोंडलेला. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं जे वर्णन आहे ना बाबा, अंगावर काटा येतो. ते वाचूनच हे तोंड काढलं."

"कोंडला कशाला त्याला?"

"ते... असेल काहीतरी."

"तू वाचला ना?"

"वाचलं. म्हणजे, मधे एका जागी राक्षस स्वतःच बोलायला लागतो. चांगली पंचवीस पानं बोलतो. फार कंटाळवाणं होतं, तेवढी पानं मी सोडली. पुढे पुन्हा मारामारी सुरू होते."

बाबांनी पहिल्यांदा सुकदेवकडे पाहिलं.

"सोडली..."

"हो."

"बरा केला," बाबा म्हणाले. त्यांनी विडी विझवली, हरण बाजूला ठेवलं आणि कोपऱ्यातलं सोंग उचलून सुकदेवच्या मांडीवर दिलं. "घाल."

"मी?"

"मग काय मी? माझे दात आधीच बाहेर हाईत."

"बाबा, मी करणारा आहे. नाचणारा नाही."

"घाल."

सुकदेवनं सोंग तोंडावर चढवलं. बाबांनी मागून दोऱ्या आवळल्या, तशाच, जशा नाचाच्या आधी आवळतात. मग त्यांनी त्याला दंडाला धरून अंगणात नेलं, तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि दोन काठ्यांनी संबळाचा ठेका धरला.

"नाच."

सुकदेवला आधी हसू आलं. दोन पावलं टाकली, आणि डोळ्यांपुढे अंधार झाला.

दिसण्यासाठी भोकं होती, पण गव्हाच्या दाण्याएवढी. मोठी केली तर राक्षसाची नजर मरते, म्हणून त्यानंच ती लहान ठेवली होती. दात एकसंध होते, कारण फट ठेवली की सुळे कच्चे दिसतात. वारा यायला जागाच नव्हती. चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास नाकात गेला. स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर परत येऊ लागला.

आणि उजव्या कानशिलात काहीतरी टोचलं. बाहेरच्या शिंगाला आधार द्यायला आत बांबूची कांब बसवलेली होती. तिचं टोक तासायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, आत बघतंय कोण, म्हणून त्यानं ते तसंच सोडलं होतं.

प्रत्येक ठेक्याला टोक आत रुतत होतं.

"बाबा, थांबा!" तो ओरडला.

डबा वाजतच राहिला.

"थांबा! मला दिसत नाही!"

ठेका आणखी चढला. सुकदेवनं दोऱ्या ओढायला हात मागे नेले, गाठ सापडेना. वारा हवा होता. कुठल्या तरी बाजूला अंगण संपून ओटी लागायला हवी होती. तो हात पसरून वळला, धावला, कशाला तरी धडकला, आणि मातीचं काहीतरी खळ्ळकन फुटलं. पायांवर गार पाणी आलं.

डबा थांबला.

दोऱ्या सुटल्या. उजेड डोळ्यांत शिरला. सुकदेव अंगणाच्या मधोमध गुडघ्यांवर होता, आणि त्याच्याभोवती बाबांच्या पिण्याच्या पाण्याच्या माठाची खापरं पसरली होती. कानशिलावरून रक्ताचा एक थेंब गालावर आला होता.

"मी थांबा म्हणत होतो!" तो धापा टाकत म्हणाला. "किती ओरडलो मी! ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आला ना. डरकाळी आयकू आली." बाबांनी मान डोलावली. "बेस होती."

सुकदेवनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातल्या सोंगाकडे.

बाबा खापरं गोळा करायला वाकले. एकेक उचलून टोपलीत टाकत त्यांनी सहज विचारलं,

"अंगन कसा हाय? वाकडा हाय?"

सुकदेवला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. जानू पटांगणात गुरगुरला होता, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या, आणि सगळ्यांत मोठी शिट्टी सुकदेवची होती. काय डरकाळी काढलीय, असं तो शेजारच्याला म्हणालाही होता. त्याला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही, आणि बाबांनी पाहिलं नाही.

"बाबा... तोंड बदलू का याचं? जरा मवाळ करू?"

"तोंडाला हात लावशील तर खबरदार. राक्षस हाय तो. राक्षसासारखाच दिसायला पायजे."

"मग?"

बाबांनी तासणी त्याच्यापुढे ठेवली आणि हरणाच्या कानाकडे परत गेले.

सुकदेव दोन तास उठला नाही. सोंग त्यानं मांडीवर उलटं घेतलं. वर्षभरात पहिल्यांदाच तो सोंगाच्या पाठीकडे पाहत होता. कांबेचं टोक तासलं, घासलं, वर जुन्या धोतराची घडी शिवली. सुळ्यांच्या मागे, सावलीत, बोटभर रुंद फट कापली. ती बाहेरून दिसेना. भुवयांच्या खाली काळ्या रंगात दोन लांबट भोकं पाडली, तीही दिसेनात. कपाळाला जिथे सोंग टेकतं, तिथे कापूस भरला. मधूनमधून स्वतःच्या तोंडाला लावून बघितलं, काढलं, पुन्हा घासलं. बाबांनी एकदा गूळ आणि पाणी त्याच्या शेजारी आणून ठेवलं. पाणी शेजारच्या घरून मागून आणावं लागलं होतं.

शेवटी बाबांनी गेरूची वाटी पुढे सरकवली. त्यांच्या घरात रीत होती. सोंग पुरं झालं की करणाऱ्यानं अंगठ्याचा ठसा उमटवायचा, तोही आतल्या अंगाला, जिथे नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं. पहिल्या वेळी सुकदेवनं ही रीत ऐकून नाक मुरडलं होतं, आणि राक्षसाच्या शिंगावर पांढऱ्या रंगात झोकदार सही ठोकली होती.

आता त्यानं ती सही काळ्या रंगानं बुजवली. अंगठा गेरूत बुडवला आणि आत टेकवला.

"जानूला बोलाव," बाबा म्हणाले.

"मी जाऊ?"

"नाय, राक्षसाला धाड."

जानूचं घर हाकेच्या अंतरावर होतं. तो मागल्या पडवीत एकटाच बसला होता. त्याची बायको सोनी अंगणात नागली पाखडत होती, आणि त्यांची दीड वर्षाची पोर जानूकडे जायला हात पसरून रडत होती. जानू तिच्याकडे बघतही नव्हता.

"दोन दिस झाले," सोनी सुकदेवला म्हणाली, "पोरीला उचलत नाय. जेवायला लांब बसतो. म्हनतो, माझ्यात राक्षस हाय, मी तिला मारलीबिरली तर?"

सुकदेवनं येताना वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी पळाली.

"जानूदादा," तो म्हणाला, "तू परवा आतून काय ओरडत होतास?"

जानूनं दचकून वर पाहिलं. मग फार हळू म्हणाला,

"दिसत नाय. थांबवा. असा ओरडत होतो." तो थांबला. "तू... तुला कसा कळला?"

"मी आज घातलं ते." सुकदेवनं कानशिलावरची खूण दाखवली. "तुझ्यात काही नाही, दादा. खोट माझ्या कामात होती. आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकलली. उद्या सगळ्यांसमोरच सांगतो. केरूबाबांच्याही पाया पडतो."

जानूनं आपल्या उजव्या कानशिलाला हात लावला. तिथेही तसाच, त्याच जागी, काळा पडलेला ओरखडा होता.

"लय टोचत होता रे," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

ऊन कलायच्या आत सगळे बाबांच्या अंगणात जमले. म्हणजे जानू, सोनी, कडेवरची पोर आणि सुकदेव. जानूनं सोंग घेतलं, आधी आत बघितलं, मग तोंडावर चढवलं. बाबांनी डबा वाजवला. राक्षस उठला, घुमला, मान झटकली, आणि अशी डरकाळी फोडली की गोठ्यातल्या गाईनं दावं ओढलं. पोरीनं टाहो फोडला.

"मीच हाय गं, चिमे," राक्षसाच्या सुळ्यांमागून जानूचा आवाज आला, स्वच्छ, घरात ऐकू येतो तसा.

पोर थांबली. तिनं राक्षसाकडे नीट पाहिलं. मग हात पुढे करून तिनं त्याचा सुळा मुठीत धरला आणि ओढायला लागली.

"अगं, तोडशील!" सोनी हसत म्हणाली. जानूनं पोरीला कडेवर घेतलं आणि तसाच, मुखवट्यासकट, तिला घेऊन अंगणभर नाचला. केरूचा संबळ नव्हता, डबाच होता, तरी ठेका कुठे चुकला नाही. सुकदेव ओटीच्या कडेला बसून बघत होता. शिट्टी मारायची त्याला आठवण राहिली नाही.

नाच संपला. घामाघूम जानूनं सोंग काढून दोन्ही हातांवर धरलं.

"बाबा, बोहाड्यापर्यंत ठेवायचा कोनाच्या घरी? गावात तर कोनी घ्यायचा नाय. वंगाळ म्हनतात."

बाबा हरणाचा कान चाचपत होते. कान आता वाळून ताठ उभा राहिला होता.

"माझ्याकडे राहू दे," सुकदेव म्हणाला. "माझं आहे."

बाबांचा हात थांबला...

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, सकाळची काडेपेटी काढली आणि सुकदेवच्या तळव्यावर ठेवली.

"घे. आता जाळायचा तर जाळ."