चार बोटं उतार

एका गावात सगळ्यांच्या घरातली जमीन ताटासारखी सपाट असायची, आणि गावाला त्याचा फार अभिमान होता. नवं माजघर असो की नवा गोठा, मुरूम-माती पसरून, पाणी शिंपडून गावातल्या बायका ती लाकडी चोपण्यांनी दिवसभर बडवत. संध्याकाळी थोरले तात्या येत आणि मधोमध तांब्याभर पाणी ओतत. पाणी जागच्या जागी थांबलं की म्हणत, "लक्ष्मी थांबली." एका बाजूला पळालं, तर जमीन उकरून पुन्हा पहिल्यापासून. उतरत्या जमिनीवरून घरची लक्ष्मी वाहून जाते, असं तात्यांना त्यांच्या आज्यानं सांगितलं होतं. आज्याला कुणी सांगितलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्या गावात येसू नावाची एक मुलगी आईबरोबर राहत होती. तिला वडील नव्हते. दोघींची एक गाय होती, पवळी. पवळीला दोनदा वासरू झालं आणि दोन्ही वासरं आठवड्याच्या आत गेली. दोन्ही वेळा तेच घडलं. बेंबी सुजली, पिकली, वासरू उठेना.

"गाईची कूसच वाईट आहे," तात्या म्हणाले. "तिसरंही गेलं तर सरळ बाजार दाखवा. असली गाय दावणीला ठेवली तर गावातल्या इतर गुरांना बाधते."

गाव तात्यांचं ऐकायचं. म्हणजे तिसरं वासरू गेलं की पवळीही जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

येसू गोठ्यात जाऊन उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. सपाट जमिनीच्या मधोमध मूत साचलेलं. गाय त्यातच उभी, त्यातच बसलेली. नव्या वासराची ओली बेंबीही त्यातच लोळली असणार.

"आई, जमीन वाईट आहे," ती म्हणाली, "आणि नाव कुशीचं घेतात."

पवळी तिसऱ्यांदा गाभण होती. महिनाभरात विणार होती. त्यातच जुन्या गोठ्याचे खांब वाळवीनं पोखरलेले निघाले. पवळीला चिंचेखाली बांधली आणि मायलेकींनी नवा गोठा बांधायचं ठरवलं.

गावाची रीत चांगली होती. कुणाचं मोठं काम निघालं की घरटी एक माणूस मदतीला यायचं आणि काम काढणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. याला इर्जिक म्हणत. येसूनं आधीच खैराचे आठ खांब आणून त्यांची बुडं जाळावर धरून काळी करून ठेवली होती, म्हणजे वाळवी लागू नये. इर्जिकीच्या दिवशी माणसं आली, दुपारपर्यंत आठही खांब दोन-दोन हात जमिनीत गेले, वर आडं चढलं, वासे बसले, गवताचं छप्पर झालं. कारवीच्या काठ्यांचे कूड उभे राहिले. सगळे झुणका-भाकरी जेवले.

जेवण झाल्यावर बायकांनी चोपणी हातात घेतली. तेव्हा येसू मध्ये उभी राहिली.

"जमीन सपाट करायची नाही," ती म्हणाली. "गव्हाणीकडून मागे चार बोटं उतार द्यायचा. मागे दगडाची नाली, आणि नालीचं तोंड कुडाबाहेरच्या खड्ड्यात."

तात्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"पोरी, उतारावरून लक्ष्मी वाहून जाते."

"तात्या, गोठ्यातून वाहून जातं ते मूत. त्याला लक्ष्मी म्हणायचं असेल तर खड्ड्यात साठवून ठेवते, तुम्हाला घागरभर पाठवीन."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. तात्यांचा चेहरा तापला.

"चार बुकं वाचली की वडीलधाऱ्यांना शिकवायचं का?"

"तुम्ही आजवर किती जमिनी चोपल्यात, तात्या?"

"मी कशाला चोपू? ते काम बायकांचं."

"मग त्यात चूक कुठं आहे, हे तुम्हाला कसं कळणार? चोपायचं त्यांनी, आणि तांब्या ओतून निवाडा तुम्ही करायचा!"

"बास!" तात्या उठले. "हे बघ. सपाट करणार असशील तर हे चाळीस हात आत्ता कामाला लागतील, दिवस मावळायच्या आत जमीन होईल. उतारच हवा असेल तर तुझे दोन हात आणि तुझ्या आईचे दोन. बोल."

येसूनं बायकांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. चाळीस हात म्हणजे आजच्या आज गोठा. चार हात म्हणजे पंधरा-वीस दिवस, आणि मध्येच पवळी व्यायली तर सगळंच हुकलं.

"उतार," येसू म्हणाली.

माणसं आपापली चोपणी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मायलेकी कामाला लागल्या. टेकडीवरून मुरूम आणायचा, पसरायचा, पाणी शिंपडायचं, बडवायचं. येसूला घाई होती. पहिला थर ओला असतानाच तिनं दुसरा घातला, आणि चौथ्या दिवशी जमिनीला बोटभर रुंद भेगा गेल्या. येसूनं चोपणं भिरकावून दिलं.

"आई, तुला दिसत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तू कुणाचं ऐकतेस का?" आई म्हणाली. मग जवळ येऊन खाली बसली. "वडीलधाऱ्यांवर रागव, पण मातीवर रागवून चालत नाही. बघ, अंगठा दाबायचा. ठसा उमटला तर थांबायचं. ठसा उमटत नाही पण गार लागतं, तेव्हा बडवायचं. चाळीस वर्षं मी जमिनी चोपतेय, मला कुणी कधी काही विचारलंच नाही."

येसूला तात्यांचा आला नव्हता एवढा स्वतःचा राग आला. तिनं भेगा गेलेला थर स्वतः उकरला, आणि पुढचं सगळं आईला विचारून केलं. थर वाळेपर्यंत ती रिकामी बसली नाही. मागची नाली चपट्या दगडांनी बांधली. गव्हाणीचा काठ हातानं घासून गोल केला, गाईच्या गळ्याला लागू नये म्हणून. कूड आतून शेणमातीनं लिंपले, एकही काठी टोचायला बाहेर ठेवली नाही, आणि वर हातभर जागा वाऱ्यासाठी मोकळी सोडली.

जाणारे-येणारे डोकावून जात. "आतून कशाला एवढं लिंपतेस गं? लोक बाहेरून बघतात."

"गाय आतून बघते," येसू म्हणायची आणि लिंपत राहायची.

अठराव्या दिवशी जमीन झाली. येसूनं गव्हाणीपाशी घागर उपडी केली. पाणी कुठेही न थबकता मागे गेलं, नालीत उतरलं, बाहेरच्या खड्ड्यात पडलं. घटकाभरानं आईनं हात फिरवून पाहिला. "कोरडी," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला वळली.

तिसऱ्याच दिवशी भर दुपारी पवळी नव्या गोठ्यात व्यायली. कालवड झाली. येसू रोज सकाळी तिची बेंबी बघायची. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. आठव्या दिवशी बेंबी सुकून गळाली आणि कालवड गोठाभर उड्या मारत सुटली. पवळीला बाजार दाखवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पुढच्या महिन्यात तात्यांची गाय व्यायली, त्यांच्या सपाट, नावाजलेल्या गोठ्यात. चौथ्या दिवशी तात्या येसूच्या दारात येऊन उभे राहिले.

"बेंबी सुजलीय वासराची," ते म्हणाले. "कूस चांगली आहे गाईची. चार वेतं झालीत."

येसूच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. येसूनं ते उत्तर गिळलं.

"वासरू आत्ताच्या आत्ता इकडे आणा, कोरड्यात," ती म्हणाली. "आई बेंबी धुऊन हळद लावेल. गाईलाही आणा, दूध तुटायला नको."

वासरू आठ दिवस पवळीशेजारी राहिलं आणि जगलं. तात्या रोज दोन वेळा वैरण घेऊन यायचे. यायचे तेव्हा जमिनीकडे बघायचे, कुणी बघत नाही असं पाहून पायानं चाचपायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "माझ्या गोठ्याला किती उतार लागेल?"

"माप आई सांगेल. जमिनी तिनं चोपल्यात," येसू म्हणाली. "आम्ही दोघी येऊ. पण चोपणी तीन लागतील."

"तीन? तुम्ही तर दोघी."

येसूनं कोपऱ्यातलं एक चोपणं उचललं आणि तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. पासष्ट वर्षांत त्यांनी ते कधी हातात धरलं नव्हतं.

"जड असतं गं हे," ते म्हणाले.

तात्पर्य इतकंच: कुशीला दोष देण्याआधी पायाखालची जमीन बघावी; आणि जमिनीबद्दल विचारायचं तर ती चोपणाऱ्या हातांना विचारावं, नुसतं पाणी ओतणाऱ्याला नाही.