सागबेटावरची उंबरठ्याची चौकट

पाव्हणं, ही दगडी चौकट बघून सगळेच बुचकळ्यात पडतात. भिंत नाही, छप्पर नाही, आणि माळावर नुसतं दार उभं. आमच्या सागबेटावर पूर्वी जन्मठेपेच्या कैद्यांची वसाहत होती. ही बायकांच्या बराकीची चौकट. तिची गोष्ट माझ्या आजीनं मला सांगितली, तिला तिच्या सासूनं.

एका संध्याकाळी पहारेकऱ्यांनी म्हणे बराकीत येऊन सांगितलं, "उद्यापासून तुम्ही मोकळ्या. जमीन घ्या, घर बांधा, नाहीतर पुढच्या बोटीनं परत जा." एवढं बोलून ते निघून गेले.

सकाळी घंटा झाली नाही. दार सताड उघडं होतं. चाळीस बायका आत बसून राहिल्या. घंटेआधी उंबरठा ओलांडला की फटके बसायचे, हे प्रत्येकीला पाठ होतं. ही परीक्षा आहे, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, बाहेर बंदुका घेऊन बसले असतील. खरं काय, कुणालाच कळेना. ऊन चढलं तरी एकही जागची हलली नाही.

आत हौसा नावाची म्हातारी तापानं फणफणली होती. रांजण कोरडा पडला होता. झरा समोरच, शंभर पावलांवर. दुपारी तिची जीभ टाळ्याला चिकटली, तेव्हा कोपऱ्यातली एक बाई उठली. तिनं मडकं घेतलं आणि बाहेर पडली. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले, असं सांगतात. आवाज कसलाच आला नाही.

ती पाणी घेऊन परतली, तोवर घाबरलेल्या बायकांनी दार लोटून घेतलं होतं. बाहेरची कडी तशीच लोंबत होती. आत राधी वंजारीण दाराला पाठ लावून उभी होती.

"कोण?" तिनं विचारलं.

"एकशे बारा," बाहेरून उत्तर आलं.

राधी म्हणाली, "नंबर नको. नाव सांग."

बाहेरची बाई काही बोलेना. वीस वर्षांत तिला नावानं कुणी हाक मारली नव्हती. आतल्या बायकांनाही ते माहीत नव्हतं. म्हातारी आत कण्हत होती आणि ही मडकं घेऊन दारात उभी. तिला म्हणे रडूही येईना. शेवटी हळूच म्हणाली, "गोजरा."

दार उघडलं. हौसा पाणी प्याली आणि जगली. दुसऱ्या दिवसापासून बायका एकेक करून बाहेर पडू लागल्या. काही बोटीनं गेल्या. बऱ्याचजणी राहिल्या, कारण गावाकडे आता त्यांना कोण घरात घेणार होतं? बराकीचेच दगड काढून त्यांनी घरं बांधली. भिंती संपल्या, चौकटीला मात्र कुणी हात लावला नाही.

गोजरा हे तिचं नाव होतं का, यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं, तेच होतं. माझी आजी म्हणायची, तिला स्वतःचं नाव आठवलंच नाही. मागे सोडून आलेल्या लेकीचं नाव तोंडातून निघालं. ती पुढे तीस वर्षं त्याच नावानं जगली, आणि कुणी विचारलं तर म्हणे नुसती बघत राहायची. मलाही नक्की सांगता येत नाही.

आजही आमच्याकडे बारशाला आई बाळाला घेऊन या चौकटीबाहेर उभी राहते. आतून गावातली सगळ्यांत थोरली बाई विचारते, "कोण?" आईनं लगेच उत्तर द्यायचं नसतं. किती वेळ थांबायचं, ते ठरलेलं नाही. कुणी घाई करत नाही. बाळ रडलं तरी आम्ही उन्हात तसेच उभे राहतो, नाव येईपर्यंत.